टर्मिनलमधला एआय सहायक: पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

जुलै लागला की आमच्या सांगलीत सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो: आयर्विनला पाणी किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत असतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेली माणसं ते आकडे बघूनच खालचं सामान वर चढवायचं की थांबायचं हे ठरवतात. माझ्या मामेबहिणीची मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने यंदा हे आकडे एका फाइलमध्ये उतरवून ठेवायला सुरुवात केली आणि एका रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, याचा प्रोग्रॅम करायचाय. वर्गातली सगळी टर्मिनलमधला एआय वापरतात. मला त्या काळ्या खिडकीत काय लिहायचं तेच कळत नाही."

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात आम्ही जे केलं, ते त्याच क्रमाने इथे सांगते. पायथॉनची थोडी ओळख आहे, पण टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायची खिडकी, कधी उघडलेलं नाही, अशांसाठी हे आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

हे चॅटपेक्षा वेगळं कसं

ब्राउझरमधल्या चॅटला तुम्ही कोड नेऊन दाखवता, उत्तर उचलता, आपल्या फाइलमध्ये चिकटवता, चालवून बघता, एरर आली की ती परत तिकडे नेता. ने-आण सगळी तुमची. टर्मिनलमधला सहायक तुमच्या फोल्डरमध्येच बसून काम करतो. फाइल तोच उघडतो, तोच बदलतो, प्रोग्रॅम चालवतो, एरर वाचतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. एडर हे मुक्त स्रोत साधन २०२३ पासून आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अँथ्रोपिकचं क्लॉड कोड आलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं कोडेक्स आणि जूनमध्ये गूगलचं जेमिनाय सीएलआय. खालचं बहुतेक सगळं यातल्या कुठल्याही साधनाला लागू पडतं.

मॉडेल, म्हणजे उत्तर देणारा मूळ एआय, सहसा तुमच्या लॅपटॉपवर चालत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. त्यामुळे आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो. पण इंटरनेट लागतंच, आणि सहायक जी फाइल वाचतो तिच्यातला मजकूर तुमच्या घराबाहेर जातो. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या.

टर्मिनलची तयारी

मॅक किंवा लिनक्स असेल तर टर्मिनल आहेच. विंडोजवर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल ही कमांड द्या. मशीन रीस्टार्ट केल्यावर विंडोजच्या आतच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मिळतं. ते नाव आणि पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. भाचीला वाटलं कीबोर्डच बंद पडला, आणि तिने तीन वेळा खिडकी बंद केली. टाइप होत असतं, एंटर दाबा.

सुरुवातीला चार कमांड पुरतात. पीडब्ल्यूडी म्हणजे मी कुठे आहे, एलएस म्हणजे इथे काय काय आहे, सीडी म्हणजे अमुक फोल्डरमध्ये जा, एमकेडीआयआर म्हणजे नवा फोल्डर कर. बाकीच्या कामापुरत्या येत जातील.

आता या कामासाठी एक वेगळा फोल्डर करा आणि सहायक कायम त्याच फोल्डरमध्ये जाऊन सुरू करा. तुम्ही जिथे उभे असता तिथलं आणि त्याच्या पोटातलं सगळं त्याच्या हाताशी येतं. होम फोल्डरमध्ये सुरू केलात तर वडिलांचं पॅन कार्ड, बँकेची स्टेटमेंटं, सगळंच त्याच्यासमोर मांडून ठेवल्यासारखं होतं.

गिटशिवाय सुरू करू नका

नवीन मुलं हीच पायरी गाळतात, म्हणून इथे जरा थांबते. सहायक एका दमात सहा-सात फाइली बदलू शकतो. त्यातल्या चार बदलांची तुम्हाला गरज नसते, आणि कुठल्या चार हे तासाभराने आठवत नाही. मागे फिरायला वाट हवी. ती गिट देतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं आणि आज जगभर तेच वापरतात.

फोल्डरमध्ये गिट इनिट द्या. मग गिट ॲड आणि पुढे जागा सोडून एक टिंब. मग गिट कमिट -एम आणि अवतरणचिन्हांत एक ओळ, उदाहरणार्थ "कोऱ्या फाइली". कमिट म्हणजे फाइली त्या क्षणी जशा आहेत तशी त्यांची नोंद. पहिल्यांदा ते तुमचं नाव आणि ईमेल विचारून अडेल. काय टाइप करायचं ते त्याच संदेशात लिहिलेलं असतं, तेवढं करा आणि कमिट पुन्हा द्या.

यापुढे प्रत्येक काम सांगण्याआधी एक कमिट करायची, काम पटलं की दुसरी. नाही पटलं तर गिट रिस्टोअर आणि टिंब, की जुन्या फाइली होत्या तशा परत येतात. सहायकाने नव्याने तयार केलेल्या फाइली मात्र यात जात नाहीत. गिट स्टेटस दिलं की त्या वेगळ्या दिसतात, त्या बघून हाताने काढायच्या.

इन्स्टॉल, पैसे आणि किल्ल्या

इन्स्टॉल करायची कमांड त्या त्या साधनाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. व्हिडिओखालच्या वर्णनातली किंवा शोधात वर आलेल्या जाहिरातीतली कॉपी करू नका. इन्स्टॉल झालं की फोल्डरमध्ये जाऊन साधनाचं नाव टाइप करायचं. बहुतेकदा ब्राउझर उघडतो, लॉगिन होतं, झालं.

काही साधनं मासिक वर्गणीवर चालतात, काहींना वापराल तेवढे पैसे. वापर टोकनमध्ये मोजतात, टोकन म्हणजे शब्दांचे तुकडे. तुम्ही लिहिलेलं, त्याने वाचलेली फाइल, त्याने दिलेलं उत्तर, सगळं मोजलं जातं. बहुतेक मॉडेलमध्ये देवनागरी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन लागतात. तरीही काम मराठीतच सांगा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या भाषेत तुम्ही नीट विचार करता त्या भाषेत सांगितलेलं काम नेमकं असतं, आणि नेमकं सांगितलेलं काम एकदाच करावं लागतं. वापराप्रमाणे पैसे जाणार असतील तर खात्यावर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला.

काही साधनं लॉगिनऐवजी एपीआय की मागतात, म्हणजे तुमच्या खात्याचा लांबलचक गुप्त संकेत. ती घराची किल्ली समजा. ती कोडमध्ये लिहायची नाही. वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोर फाइलमध्ये (नावाआधी टिंब असतं, गिटने सोडून द्यायच्या फाइलींची ही यादी) टाकायचं, म्हणजे ती चुकून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, जाणार नाही. मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचं काम करत असाल तर शेतकऱ्यांची खरी नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक असलेली फाइल त्या फोल्डरमध्ये आणूच नका. पाच-दहा खोट्या नोंदी बनवा आणि त्यांच्यावर काम करा. माणसांनी आपली माहिती दुकानदाराच्या विश्वासावर दिलेली असते.

पहिलं बोलणं

पहिल्याच वाक्यात काही बनवायला सांगू नका. भाचीने लिहिलं ते असं: "या फोल्डरमधल्या फाइली वाच आणि त्यांत काय आहे ते मराठीत सांग. काहीही बदलू नकोस." उत्तर आलं की एक फाइल आहे, तिच्यात तारीख, वेळ आणि पातळी असे तीन स्तंभ आहेत, पातळी दशांश अपूर्णांकात फुटांमध्ये आहे. आम्ही दोघींनी ते वाचलं आणि पुढे गेलो. त्या उत्तरातली चूक तेव्हा आमच्या नजरेतून सुटली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी पायरी आराखड्याची. "आधी काय काय करणार ते सांग, मी हो म्हटल्याशिवाय कोड लिहू नकोस," असं सांगितलं की तो पायऱ्या मांडतो. क्लॉड कोडमध्ये यासाठी प्लॅन मोड आहे, शिफ्ट आणि टॅब दाबत गेलं की तो येतो. आराखडा वाचायला दोन मिनिटं लागतात. चुकीच्या दिशेने लिहिलेला दोनशे ओळींचा कोड वाचायला पूर्ण दुपार जाते.

काम सांगताना ढोबळ बोलू नका. "पुराचं ॲप बनवून दे" म्हटलं तर तो बनवून देईल, त्यात लॉगिनचं पानही घालेल, आणि त्यातलं काहीच तुमचं नसेल. आमचं पहिलं काम एवढंच होतं: "नोंदींची फाइल वाचून शेवटची पातळी दाखव. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, त्यांपासून किती अंतर उरलं ते सांग. मागच्या नोंदीपासून पाणी किती चढलं किंवा उतरलं ते सांग. फक्त पायथॉन, बाहेरची लायब्ररी नको, एकच फाइल." काय हवं, काय नको, आणि काम कुठे थांबतं, हे तिन्ही त्यात आलं.

तो परवानगी मागतो तेव्हा

फाइल बदलण्याआधी किंवा कमांड चालवण्याआधी सहायक सहसा विचारतो. पहिल्या तासाभरात माणूस वाचून हो म्हणतो, नंतर नुसतं एंटर दाबत सुटतो. हे विचारणं बंद करायचा पर्यायही जवळजवळ प्रत्येक साधनात असतो. निदान पहिले काही महिने त्याला हात लावू नका.

आरएम (फाइल पुसणारी), सुडो (ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवणारी), किंवा गिट पुशच्या पुढे फोर्स (सर्व्हरवरच्या जुन्या नोंदींवर जबरदस्तीने लिहिणारं) दिसलं की थांबा आणि विचारा: हे कशासाठी? इंटरनेटवरून काहीतरी उतरवून थेट चालवणारी कमांडही तशीच. पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथॉनची तयार पॅकेजं उतरवणारी कमांड, हिच्यापुढे अनोळखी नाव आलं तर ते पॅकेज खरंच आहे का, कोणी केलंय, हे स्वतः जाऊन बघा. मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव अगदी खात्रीने सांगतं, आणि अशाच नावांनी घातक पॅकेजं टाकून ठेवणारे लोक आहेत.

आम्हाला आलेला एक अडथळा तुम्हालाही नक्की येईल. नव्या उबुंटूवर पिप इन्स्टॉल थेट चालत नाही, हे पायथॉन सिस्टिमच्या ताब्यात आहे अशी एरर येते. सहायकाने लगेच ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस असा पर्याय जोडून तीच कमांड पुढे केली. नावातच काय होणार ते लिहिलंय. नाही म्हणा, आणि सांगा: "याच फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट कर आणि तिच्यात इन्स्टॉल कर." व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट म्हणजे फक्त या कामापुरती पायथॉनची वेगळी जागा. तो मुकाट्याने करतो. चुकीच्या वाटेला लागलेला दिसला तर एस्केप दाबा, काम तिथेच थांबतं.

बदल झाला की गिट डिफ द्या. उणे चिन्हाच्या ओळी गेलेल्या, अधिक चिन्हाच्या आलेल्या. एकेक ओळ वाचा. जी कळत नाही तिच्याबद्दल त्यालाच विचारा, आणि तरीही कळली नाही तर कमिट करू नका.

३९.११ ची गोष्ट

प्रोग्रॅम तयार झाला, चालला, एरर नाही. पडद्यावर आलं: पाणी ३९.६ वरून ३९.११ वर, उतरतंय.

भाचीने माझ्याकडे बघितलं. "मावशी, त्या दिवशी पाणी चढत होतं. मला आठवतंय, पप्पांनी गाडी वर नेऊन लावली होती."

सांगलीत ३९.११ म्हणजे ३९ फूट ११ इंच. मेसेज पाठवणारा टिंब टाकतो ते फूट आणि इंच वेगळे करायला, दशांश म्हणून नाही. हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे, आणि कुठेच लिहिलेलं नाही. सहायकाने टिंब बघितलं, दशांश धरला. त्याच्या हिशेबात ३९.११ हे ३९.६ पेक्षा कमी. खरं तर पाणी पाच इंच चढलं होतं आणि इशारा पातळीला फक्त एक इंच उरला होता. प्रोग्रॅम मात्र जवळपास अकरा इंच बाकी असल्याचं सांगत होता. आणखी एक बघा: ३९.१० वरून ४०.२ म्हणजे चार इंचांची चढ. प्रोग्रॅम म्हणाला १.१ फूट, म्हणजे तेरा इंचांच्या वर. एकदा धोका झाकला, एकदा तिपटीने वाढवला. २०१९ मध्ये याच पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आहे. असा प्रोग्रॅम कोणाच्या फोनवर गेला असता तर?

दुरुस्ती करताना "हे चुकलंय, नीट कर" एवढं म्हणू नका. वही घ्या, उत्तर स्वतः काढा आणि ते त्याला द्या. आम्ही सगळं इंचांत आणायचं ठरवलं आणि कागदावर लिहिलं: ३९.६ म्हणजे ३९ गुणिले १२ अधिक ६, ४७४ इंच. ३९.११ म्हणजे ४७९. ४०.० म्हणजे ४८०. ४५.० म्हणजे ५४०. ३९.१२ अशी नोंद असूच शकत नाही, ती आली तर प्रोग्रॅमने ओळ क्रमांक दाखवून थांबलं पाहिजे.

मग सांगितलं: "पातळीतलं टिंब दशांश नाही, फूट आणि इंच यांच्या मधलं आहे. या पाच उदाहरणांच्या चाचण्या आधी एका वेगळ्या फाइलमध्ये लिही, त्या आत्ता नापास होताहेत हे दाखव. मग कोड दुरुस्त कर. चाचणीच्या फाइलला नंतर हात लावू नकोस."

शेवटचं वाक्य विसरू नका. चाचणी पास होत नसेल तर सहायक कधीकधी कोडऐवजी चाचणीच बदलतो, आणि सगळं हिरवं दिसतं. दुसरी खोड म्हणजे वाईट नोंद गुपचूप गाळून पुढे जाणं. आमच्या पहिल्या आवृत्तीत तेच होतं: वाचता न आलेली ओळ सोडून दे. पूर आलेला असताना सुटलेली ओळ नेमकी शेवटची असली तर? म्हणून गिट डिफ वाचताना एक्सेप्ट आणि पास (एरर आली तर काहीच न करता पुढे जा) हे शब्द लागोपाठ दिसले की तिथे थांबायचं.

भाचीने मेसेजमधून काही आकडे देवनागरीतच चिकटवले होते. पायथॉनचं इंट देवनागरी अंकही बरोबर वाचतं, त्यामुळे तिथे निभावलं. हेच पुढे वेबपानावर न्यायचं झालं तर जावास्क्रिप्टचं नंबर तसे अंक वाचत नाही, नॅन, म्हणजे ही संख्या नाही, असं उत्तर देतं. तेवढ्यासाठी देवनागरीतल्या ३९.११ ची सहावी चाचणीही घातली.

लक्षात ठेवायची फाइल

नवं सत्र उघडलं की सहायक कालचं सगळं विसरलेला असतो. म्हणून फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल ठेवतात, ती तो दर वेळी आधी वाचतो. क्लॉड कोडसाठी तिचं नाव क्लॉड डॉट एमडी, जेमिनायसाठी जेमिनाय डॉट एमडी, कोडेक्ससाठी एजंट्स डॉट एमडी. या नावांत डॉटच्या आधीचा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचा. तिरकी रेघ आणि इनिट टाइप केलं की तो स्वतःच एक मसुदा लिहून देतो. तो मसुदा बहुधा लांबलचक असतो, निम्मा काढून टाका. आमच्या फाइलमध्ये पाचच ओळी आहेत: पातळीतलं टिंब फूट-इंचाचं आहे. आत सगळा हिशेब इंचांत, पूर्णांकात. इशारा ४८० इंच, धोका ५४० इंच. वाईट नोंद आली तर थांब, गाळू नकोस. बाहेरची लायब्ररी विचारल्याशिवाय नको.

सत्र फार लांबलं की तो सुरुवातीचं विसरू लागतो, मिटवलेली चूक परत आणतो. एक काम झालं, कमिट झाली, की बंद करून नव्याने उघडा. लाइट गेली किंवा नेट तुटलं तर घाबरू नका, फाइली डिस्कवर असतात. क्लॉड कोड असेल तर त्याच फोल्डरमधून क्लॉड --कंटिन्यू दिलं की आधीचं बोलणं जिथे होतं तिथून सुरू होतं. तरी आधी गिट डिफ बघा, अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहिलेली असू शकते.

सहाही चाचण्या पास झाल्या त्या संध्याकाळी भाची नोंदी वरून खाली चाळत होती आणि एका ठिकाणी अडली. ३९.९ नंतर ३९.१, मग ३९.११. तिने मध्ये एकदा ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती. एक्सेलने ३९.१० ला संख्या समजून शेवटचं शून्य काढून टाकलं होतं. आता ३९.१ म्हणजे एक इंच की दहा इंच, हे फाइलमध्ये कुठेच उरलं नव्हतं. सहायकाने शेजारच्या नोंदी बघून अंदाजाने भरू का, असं विचारलं. ती नको म्हणाली. फोन काढून जुलैपासूनचे मेसेज उघडले, १ वर संपणारी प्रत्येक नोंद त्यांच्याशी ताडून पाहिली, जिथे शून्य गेलं होतं तिथे हाताने लिहिलं आणि कमिट केली.